कुणाचे अकरा?

आमच्या घरमालकांना कुठलाही आकडा सांगितला, की ते एकच प्रश्न विचारायचे. सकाळी मी ऑफिसला जायला जिना उतरायचो तेव्हा ते ओट्यावर बसलेले असायचे. कानाला मफलर, अंगात बंडी, हातात आदल्या दिवशीचा पेपर. आजचा पेपर ते आज वाचत नसत. छापलेलं खरं ठरलं की नाही हे दुसऱ्या दिवशीच कळतं, म्हणून एक दिवस शिळा करूनच वाचायचे. "किती?" ते विचारायचे. मी म्हणायचो, "अकरा." मग ते पेपर मांडीवर ठेवून चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघायचे.

"कुणाचे अकरा?"

पहिल्या दिवशी मी समजावून सांगायला गेलो की आज पहाटे धाराशिवचं किमान तापमान अकरा अंश होतं. ते म्हणाले, ते कळलं. ते अकरा कुठं उभं राहून मोजले ते विचारतोय. मी म्हणालो, आमच्या ऑफिसच्या गच्चीवर मशीन आहे, ते आपोआप मोजतं आणि आकडा माझ्या फोनवर पाठवतं. "म्हंजे गच्चीचे अकरा," एवढं म्हणून ते पुन्हा शिळ्या पेपरात शिरले. माझी नोकरी लागून दोन आठवडे झाले होते आणि त्या मशीनवर माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता. हा माणूस मला तिथंच खटकला.

ते निवृत्त मोजणीदार होते. जन्मभर त्यांनी जिल्ह्यात साखळी ओढत लोकांच्या जमिनी मोजल्या. बांधाचा दगड ज्यानं कधी सरकवला नाही, किंवा निदान सरकवायचा विचार केला नाही, असा एकही माणूस त्यांना त्या काळात भेटला नव्हता, असं ते सांगायचे. म्हणून आकडा ऐकला की आधी दगड कुठला धरला ते विचारायचं, ही त्यांच्या हाडात मुरलेली सवय. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हे गृहस्थ तोंड न पोळताच साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

घराला त्यांची दोन कुलपं असत. एक दारावर लक्ष ठेवायला आणि दुसरं पहिल्या कुलपावर. बैठकीत तीन घड्याळं होती, तिन्हींत वेगळी वेळ. वेळ विचारली तर तिन्ही वेळा सांगून "तुम्हाला पटंल ती घ्या" म्हणायचे. भाजीवालीला तराजूची पारडी अदलाबदल करायला लावायचे आणि वजन दोन्ही वेळा सारखंच भरलं तर जास्तच संशयानं बघायचे. मी रोज कुठं जाऊन येतो हे ते मला कधीच विचारत नसत. माझ्या चपलांना लागलेली माती बघून ठरवायचे. एकदा मी मुद्दाम चपला धुऊन आलो, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

माझी थोरली बहीण तामलवाडीला दिलेली. तिच्याकडून मी एकदा द्राक्षं आणून त्यांना दिली. त्यांनी ती तीनदा धुतली, मग एक मणी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना दिला आणि स्वतः हात मागं बांधून उभे राहिले. काकू म्हणाल्या, "मला काही झालं तर भाकरी कोण थापणार, ह्याचा विचार केलाय का?" त्यावर ते खरोखर थोडा वेळ विचारात पडले. काकूंनी मात्र आयुष्यभर हे सगळं असंच हसण्यावारी नेलं. मला ते जमत नव्हतं, कारण त्यांचा संशय माझ्या पोटापाण्यावर होता.

मी एका छोट्या सल्ला केंद्रात होतो. द्राक्षबागायतदारांच्या फोनवर रोज संध्याकाळी सहा वाजता एक संदेश जायचा, त्यात फवारणी, पाणी, आणि शेवटच्या ओळीत उद्या पहाटेचं किमान तापमान. ती शेवटची ओळ माझी. डिसेंबर-जानेवारीत मण्यात पाणी उतरलेलं असतं, साल ताणलेली असते. तेव्हा पहाटे पारा फारच खाली गेला तर मणी तडकतात, आणि तडकलेला घड कुणी घेत नाही. पण आदल्या संध्याकाळी कळलं तर माणूस काही करू शकतो. तुराट्या, ओला पालापाचोळा बागेत जागोजागी पेटवून धूर धरायचा आणि बोअरचं कोमट पाणी सोडायचं, की दोन-तीन अंशांचा आडोसा मिळतो. त्यासाठी घरादाराला तीन वाजता उठावं लागतं. रोज रोज कुणी उठू शकत नाही. उठायचं की झोपायचं, हे माझ्या त्या एका ओळीवर ठरायचं.

आक्काची बागही त्याच वर्षी पहिल्यांदा धरली होती. दोन वर्षं तिनं आणि भावजींनी त्या वेली लेकरासारख्या वाढवल्या होत्या. माझा संदेश आला की ती शेजारणींना सांगायची, "आमच्या भावानं धाडलाय." ही गोष्ट मला ऑफिसातल्या शाबासकीपेक्षा मोठी वाटायची.

अंदाज आम्ही शहराच्या नावानं येणारा घ्यायचो आणि सकाळी तो गच्चीवरच्या मशीनशी ताडून बघायचो. अंदाज अकरा, मशीन अकरा. अंदाज बारा, मशीन बारा. आमचे साहेब खुश असायचे. मालकांना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ज्यानं मोजणी केली त्यानंच पंचनाम्यावर सही केली म्हणायची.

खरी चीड आली ती त्यांच्या पाटीमुळं. ओट्याच्या भिंतीला त्यांनी एक जुनी दगडी पाटी टांगली होती. तिच्यावर रोज सकाळी दोन आकडे लिहिलेले असायचे. वर 'गच्ची' म्हणून माझा आकडा, खाली 'रान' म्हणून त्यांचा. माझा अकरा असला तर त्यांचा सहा. माझा बारा, त्यांचा आठ. गल्लीतली माणसं येता-जाता वाचायची आणि माझ्याकडं बघून हसायची. म्हातारा रोज पहाटे पिशवी घेऊन कुठंतरी जातो आणि आठ वाजता असले आकडे घेऊन येतो, एवढं मला माहीत होतं. माझी खात्री होती की तो थर्मामीटर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत असणार. संशय हा संसर्गजन्य असतो. त्या घरात राहून मला तो लागला होता.

म्हणून एका पहाटे मी त्यांच्या मागं निघालो. अंगात दोन स्वेटर, पायात बूट, खिशात ऑफिसचा थर्मामीटर. ते पुढं, मी पन्नास पावलं मागं. बस स्टँडच्या चौकात सिमेंटच्या रस्त्यावर कुत्री अंग पसरून निवांत झोपली होती. ते थांबले, वाकून कुत्र्यांशेजारच्या रस्त्यावर तळहात टेकवला आणि मागं न बघता म्हणाले, "हवामानवाले, पुढं या. मागनं चालल्यानं थंडी कमी लागत न्हाय."

मी ओशाळून पुढं गेलो. त्यांनी मलाही रस्त्याला हात लावायला लावला. पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि रस्ता चक्क कोमट होता. मग एका दुकानाच्या भिंतीला, मग एका बंगल्याच्या कुंपणाला हात लावायला लावला. भिंत दिवसभर ऊन खाते आणि रातभर ढेकरा देते, असं त्यांचं म्हणणं. आपलं मशीन अशा हजार भिंतींच्या मधोमध बसून त्या ढेकरा मोजतं. वस्ती संपली तशी पायाखाली माती आली, आणि थंडी अशी अंगावर आली की माझे दात वाजायला लागले. कानांना झोंबणारी ती थंडी खोटी नव्हती.

त्यांचं दीड एकराचं रान ओढ्याच्या कडेला होतं. हरभऱ्याच्या मधोमध, कमरेएवढ्या उंचीवर एक पेटी उभी होती. आंब्याच्या खोक्याच्या फळ्या फटी ठेवून ठोकलेल्या, वरून पांढरा चुना. आत थर्मामीटर आडवा टांगलेला. त्याच्या नळीत एक बारीक काळी कांडी होती. तापमान उतरलं की ती मागं सरकते आणि जिथं सर्वांत खाली गेली तिथंच थांबून राहते. फडकं नव्हतं, पाणी नव्हतं. मी माझा थर्मामीटर शेजारी धरला आणि पंधरा मिनिटं गुपचूप उभा राहिलो. दोन्हींत सहा. मशीननं त्या दिवशी अकरा दाखवले.

मी हरलो होतो, पण हरलो असं म्हणायची तयारी नव्हती. आजूबाजूला बघितलं. रान खोलगट होतं, सगळीकडून उतार, थंड हवा पाण्यासारखी तिथंच येऊन साठणार. मी त्यांचाच दगड त्यांच्यावर फेकला. म्हणालो, "कुणाचे सहा?"

त्यांनी वळून चारी बाजूंचा उतार नजरेनं मोजला. मला वाटलं, जिंकलो. पण त्या दिवसापासून ते आणखी पेट्या ठोकायला लागले. म्हणाले, प्रश्न बरोबर हाय. एका दगडावर मोजणी होत न्हाय.

त्या पेट्यांची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तेरजवळच्या एका शिवारात ते ओळखीच्या माणसाच्या बांधावर पेटी रोवत होते. आमच्या जिल्ह्यात पवनचक्कीवाले यायला लागल्यापासून रानात कुणी खांब, पेटी, तार असं काही रोवलं की गाव जमतं. लोकांना वाटलं, हाही वारा मोजतोय. आज पेटी, उद्या जमीन. त्यांनी ह्यांना देवळाच्या पारावर बसवून ठेवलं, पिशवी उपसली, थर्मामीटर हातोहात फिरवला आणि पोलीस पाटील येईपर्यंत सोडलं नाही. दुपारी ते घरी आले ते चेहऱ्यावर समाधान घेऊन. मी घाबरून विचारलं, मारहाण नाही ना झाली? ते म्हणाले, "लई शहाणं गाव हाय. माझ्या एका शब्दावर बी त्यांनी भरवसा ठिवला न्हाय." पुढं कितीतरी दिवस ते त्या गावाचं नाव आदरानं घ्यायचे.

एक पेटी मी स्वतःहून आक्काकडं नेली. मनात कपट होतं हे आज कबूल करतो. तिची बाग सपाट जागी होती, तिथला आकडा माझ्या गच्चीच्या जवळ येईल आणि म्हाताऱ्याचं तोंड बंद होईल, असा माझा हिशेब. वेलींच्या दोन ओळींमध्ये मी ती रोवून दिली, कांडी कशी वाचायची, वाचून झाल्यावर थर्मामीटर तिरपा करून ती परत जागेवर कशी आणायची, हे आक्काला शिकवलं. सातवी शिकलेली आक्का एका बैठकीत शिकली आणि रोज सकाळी सात वाजता फोनवर आकडा सांगायला लागली.

पहिले चार दिवस तिचे आकडे खाली-वर झाले, माझ्या गच्चीपेक्षा कमीच. पाचव्या दिवसापासून मात्र ते सुधारले. दहा. अकरा. दहा. अकरा. माझ्या मशीनच्या अगदी शेजारी. मी ते पाटीवर तिसऱ्या ओळीत स्वतःच्या हातानं लिहायला लागलो, जरा मोठ्या अक्षरात. मालक रोज वाचायचे, टिपून घ्यायचे. दहा-बारा दिवसांनी एका सकाळी म्हणाले, बहिणीला विचारा, पेटी हलवली का.

मला राग आला. माझ्यावर संशय घ्या, मशीनवर घ्या, पण आक्कावर? मी सोनारीच्या भैरोबाची शपथ घेऊन सांगितलं की माझी बहीण खोटं बोलत नाही.

"भैरोबाला कांडी वाचता येती व्हय?" ते म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "ती खोटं बोलती असं म्या कुठं म्हणलं? खऱ्या माणसाचा दगड बी सरकलेला असतो. ह्ये आकडं बघा. रानातला आकडा उड्या मारतो. ह्यो गोठ्यात बांधल्यागत एका जागी उभा हाय."

मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. आक्काला विचारलंही नाही. विचारणं म्हणजे तिच्यावर संशय घेणं, असं मला वाटत होतं. खरं कारण हे की तो आकडा मला हवा होता.

त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट. दुपारपासून आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. चारच्या सुमारास वारा पडला. शेवग्याचं पानही हलत नव्हतं. मी चहाला म्हणून घरी आलो होतो, तर मालक जिना चढून वर आले. आजवर ते कधी वर आले नव्हते. भाडेकरूच्या खोलीत जाऊन नंतर आळ नको, म्हणून. दारातच उभे राहून म्हणाले, "वारा असला की गाव आन रान एकत्र कुटुंब. वारा पडला की वाटणी. आज वाटणी हाय. लोकांला धूर करायला सांगा."

मी म्हणालो, अंदाज दहाचा आहे. तामलवाडीचा आकडाही गेले कितीतरी दिवस दहाच्या खाली नाही. तुमच्या एका खड्ड्यातल्या आकड्यासाठी मी सगळ्या तालुक्याला तीन वाजता उठवू का? ते जिन्याच्या कठड्याला धरून सावकाश उतरले. थोड्या वेळानं मफलर आणि पिशवी घेऊन बाहेर पडताना दिसले. सहा वाजता मी संदेश पाठवला. शेवटची ओळ होती, किमान तापमान दहा अंश, काळजीचं कारण नाही. ती तीन शब्दांची पुस्ती माझी, रोज नसायची. त्या दिवशी मी ती म्हाताऱ्यासाठी जोडली होती.

सातला काकू दारात भेटल्या. म्हणाल्या, अहो, ते तर तुळजापूरची गाडी धरून तुमच्या बहिणीकडं गेले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हातारा आता तिथं जाऊन माझ्या बहिणीची जबानी घेणार, तिला खोटं पाडणार. तेवढ्यात फोन वाजला. आक्काचं नाव दिसलं. मला वाटलं, त्यांनीच लावायला सांगितला असणार, भांडायला. मी उचलला नाही. पुन्हा वाजला. मी आवाज बंद करून फोन पालथा ठेवला आणि जेवायला बसलो. त्या वेळी उचलला असता तर दुसरा संदेश पाठवायला अजून सगळी संध्याकाळ बाकी होती.

सकाळी सात वाजता, रोजच्या वेळेला, आक्काचा फोन आला. तो उचलला. तिनं जे सांगितलं ते असं. मालक दिवेलागणीला पोचले. पाणी पुढं केलं तर आधी विचारलं, "पेटी कुठं हाय?" ती त्यांना पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेली. तिथं गाय बांधलेली, शेजारी खताची पोती, आणि पोत्यांच्या वर भिंतीला माझी पेटी टांगलेली. पेटी रोवल्यावर दुसऱ्याच दिवशी गावात कुजबुज सुरू झाली होती की ह्यांनी पवनचक्कीवाल्यांना रान दिलं. शेजारणी बोलेनाशा झाल्या. म्हणून तिनं चौथ्या दिवशी संध्याकाळी ती गुपचूप उपटून शेडमध्ये आणून ठेवली, आणि रोज सकाळी गाईच्या उबेला बसून, डोळे बारीक करून, कांडी जिथं दिसेल तो आकडा मला इमानानं सांगत राहिली.

"तू सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"आरं, तू रोज किती म्हणून इचारायचास. कुठं म्हणून कंदी इचारलंच न्हाईस."

मालक तिला रागावले नव्हते. भिंतीला हात लावून बघितला, गाईच्या पाठीवरून फिरवला आणि म्हणाले, "पोरी, तू खरंच बोललीस. दगड सरकला व्हता." मग मला फोन लावायला सांगितलं. दोनदा लावून मी उचलला नाही म्हटल्यावर त्यांनी पेटी काखेत मारली, भावजींना घेऊन बागेत गेले, ती परत वेलींमध्ये रोवली आणि तुराट्यांचे ढीग घालायला लावले. तीन वाजल्यापासून सगळे उठून धूर करत होते. बोअर चालू होतं. आक्काची बाग वाचली. कडेच्या एका ओळीतले घड तेवढे गेले.

बाकीच्यांचं मी विचारू शकलो नाही. ते मला आपोआप कळलं. दिवसभर फोन येत होते. काही शिव्या देत होते, ते बरे वाटत होते. एक जण मात्र तुळजापूर तालुक्यातलाच, मी त्याला कधी बघितलेलं नाही, अगदी शांत आवाजात बोलला. म्हणाला, "साहेब, मेसेज वाचला आन तुमच्या भरवशावर झोपलो व्हतो." एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. तो ओरडला असता तर मला झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरलो. मालक ओट्यावर होते. मफलर, बंडी, शिळा पेपर. पाटी पुसलेली होती. त्यांनी विचारलं, "किती?" मी मशीनचा आकडा सांगितला. मी दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत उभा राहिलो. त्यांनी तो विचारला नाही. काकूंना आत हाक मारून म्हणाले, ह्यांना च्या द्या. त्यांनी विचारलं असतं तर फार बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मी साहेबांशी भांडून संदेशाची शेवटची ओळ बदलली. गावात इतके, रानात इतके, वारा पडला तर आणखी दोन कमी, असं लिहायला लागलो. साहेब म्हणाले, एवढं लांबलचक कोण वाचणार. पण लोक वाचायचे. मोठ्या आशेनं मी तो संदेश मालकांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "रानात म्हंजे कुठल्या रानात?"

पुढं त्यांचा गुडघा गेला आणि मुलानं दोघांना पुण्याला नेलं. घर विकलं गेलं. तिथं आता तीन मजली इमारत आहे, खाली दुकानं, पुढं सिमेंट. हरभऱ्याच्या रानातही प्लॉट पडले. जायच्या दिवशी त्यांनी मला पेपरात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून एक लांबट वही दिली, आणि मिळाली म्हणून माझ्याकडून कागदावर सही घेतली. मी म्हणालो, काका, एवढाही विश्वास नाही का? ते म्हणाले, वहीचा प्रश्न न्हाय, शिस्तीचा हाय. टेम्पो निघाल्यावरही ते मागच्या दोऱ्या मोजत होते.

वही मी कितीतरी दिवस उघडली नाही. त्यात माझी फजिती तारीखवार लिहिलेली असणार, अशी माझी खात्री होती. उघडली तेव्हा आधी तेच दिसलं. गच्चीचा रकाना, आणि माझ्या प्रत्येक आकड्यापुढं एक प्रश्नचिन्ह. मला ते टोचलं. मग शेजारच्या रकान्यावर नजर गेली. त्यांच्या स्वतःच्या रानाच्या आकड्यांपुढंही प्रश्नचिन्ह होतं, प्रत्येकापुढं, तेवढंच मोठं. मी इतकी वर्षं समजत होतो की ते माझ्यावर संशय घेतात. त्यांनी मला स्वतःच्या बरोबरीनं वागवलं होतं, आणि ते मला कळलं नव्हतं.

पानामागून पानं तशीच. सबंध वहीत एकच आकडा असा सापडला, ज्याच्यापुढं प्रश्नचिन्ह नव्हतं. तामलवाडीच्या रकान्यात, त्या सकाळचा. 'पाच. स्वतः उभा होतो.'

यंदा पौषात थंडी चढली तेव्हा मी आदल्या संध्याकाळी संदेश पाठवला आणि शेवटची गाडी धरून आक्काकडं गेलो. पहाटे भावजींनी धूर धरला होता. मी वेलींमधल्या पेटीशी जाऊन उभा राहिलो. हाताची बोटं बधिर झाली तरी हललो नाही. उजाडता उजाडता आक्का पदर कानाला गुंडाळून आली. चहाचा कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, किती भरले?

"सात," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. "कुणाचे सात?"

"माझे," मी म्हणालो. "इथं उभा हाय न्हवं."